कोकणात कॅमेरा घेताना: आधी लेन्स, मग बॉडी, आणि आगोटीच्या यादीत सिलिका जेल

‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट दोन गोष्टी विचारतो. फोटो कशाचे काढायचेत? आणि पावसाळ्यात कॅमेरा ठेवणार कुठे? पहिल्या उत्तरावरून लेन्स ठरते, दुसऱ्यावरून ती किती वर्षं टिकेल ते कळतं. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, जिची जाहिरात सगळ्यात जास्त होते ती वस्तू, या दोन्हींच्या मागून येते. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो: बॉडी काचेच्या कपाटात, लेन्स ‘सोबत येते’, आणि हवेबद्दल कुणी बोलतच नाही. घाटावर ते खपून जातं. दापोली, रत्नागिरी, मालवण पट्ट्यात राहत असाल तर नाही.

मोबाइल कुठे कमी पडतो ते आधी शोधा

गेल्या वर्षभरातले मोबाइलमधले फोटो उघडा आणि मनासारखे न आलेले वेगळे काढा. गणपतीपुळ्याचा सूर्यास्त, पोफळीची बाग, जेवणाचं ताट, अंगणातला घरच्या मंडळींचा घोळका, हे सगळं मोबाइल चांगलंच काढतो. तुमची हौस एवढ्यावर भागत असेल तर कॅमेऱ्याचे पैसे सरळ वाचवा. नुसते ‘क्वालिटी पाहिजे’ म्हणून घेतलेले कॅमेरे मी बरेच पाहिलेत. दोन सणांनंतर ते कपाटात जातात आणि तिथे त्यांना बुरशी लागते.

न जमलेले फोटो साधारण तीन प्रकारचे असतात. लांबचं जवळ आलं नाही: समुद्रावर घिरट्या घालणारी घार, खाडीपलीकडचा बगळा. अंधारात हललं: दशावतारातला संकासुर, शिमग्यातली नाचती पालखी. किंवा मागचं सगळं स्पष्ट आल्यामुळे माणूसच हरवला. तुमच्या ढिगात ज्या प्रकारचे जास्त, त्यावर पहिली मोठी लेन्स ठरवायची.

विषय बघून लेन्स

लेन्सवर दोन आकडे असतात. मिलिमीटरचा आकडा किती लांबचं दिसेल ते सांगतो, आणि ‘एफ’चा आकडा किती उजेड आत येईल ते. एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला जवळजवळ दहापट उजेड मिळतो.

दशावतारापासूनच सुरू करू, कारण कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स सगळ्यात उघडी तिथे पडते. सिंधुदुर्गात रात्री देवळासमोर रंगमंच लागतो, राजा तलवार परजत गिरकी घेतो आणि त्याचा चेहरा स्थिर फक्त क्षणभर असतो. तो क्षण धरायला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) निदान १/२५० सेकंद हवा. किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ किंवा एफ/६.३ पर्यंत जाते. मग कॅमेरा आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १२,८०० वर चढवतो आणि रंगवलेल्या चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात. त्याच जागी एफ/१.८ ची लेन्स लावली तर आयएसओ १,६०० च्या आत काम होतं. म्हणून रात्रीच्या उत्सवांचा नाद असेल तर ५० मिमी एफ/१.८ ही पहिली खरेदी. बहुतेक सगळ्या कंपन्यांच्या यादीतली ती स्वस्त लेन्स असते. लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे आतला फोटो टिपणारा भाग) कॅमेऱ्यावर ती ७५ ते ८० मिमीसारखी वागते, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसून पात्राचं कमरेपासून वरचं चित्र मिळतं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, नटाला नाही. त्यामुळे ‘स्टॅबिलायझेशन आहे, अंधारात चालेल’ हे विक्रेत्याचं वाक्य देवळाच्या खांबासाठी खरं, दशावतारासाठी खोटं. दुसरं, रंगमंचावर हल्ली एलईडीचा उजेड असतो आणि आपली वीज ५० हर्ट्झची. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकरची सोय असेल तर ती चालू करा. एवढ्यानं भागलं नाही तर शटर १/१०० वर आणायचं आणि पात्र थबकण्याची वाट बघायची.

हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावाची गरज वेगळी. बोटी लागल्या की पुळणीवर टोपल्यांचे गोल होतात, बायका वाकून भाव करतात, पायाखाली बर्फ आणि खारं पाणी. मागे सरकायला जागा नसते, म्हणून लांबची लेन्स निरुपयोगी. १६ किंवा १८ मिमीपासून सुरू होणारा झूम हवा. आणि तिथे लेन्स बदलायची नाही, त्यामुळे एकाच लेन्समध्ये सगळं बसलं पाहिजे. कॅनन, निकॉन, सोनी तिघांकडे १८-१३५, १८-१४० किंवा १८-१५० अशा पल्ल्याचा एक झूम आहे. पोर्टलवरचे परीक्षणवाले अशा झूमना नाकं मुरडतात, कोपऱ्यात तीक्ष्णपणा कमी म्हणून. वाळू उडत असलेल्या किनाऱ्यावर ही लेन्स कॅमेऱ्यावरून काढावी लागत नाही, आणि मला तो गुण कोपऱ्यांपेक्षा मोठा वाटतो. सिंधुदुर्ग, जंजिरा, सुवर्णदुर्ग बघायला होडीतून जाताना हीच लेन्स लावा. होडीत तोल सांभाळायचा की लेन्स बदलायची?

पक्ष्यांचा खर्च मात्र खरा मोठा. बंदरावरची ब्राह्मणी घार किंवा हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणारे कुरव २५० ते ३०० मिमीत जमतात, कारण ते जवळ येतात. समुद्री गरुड किंवा आंब्याच्या शेंड्यावरचा ककणेर (धनेश) यांना ४०० मिमी लागतं आणि तरी कमीच पडतं. सोनीची ७०-३५०, कॅननची १००-४०० एफ/५.६-८ या हौशी माणसाच्या खांद्याला झेपणाऱ्या लेन्स आहेत. कॅननची ती लेन्स साडेसहाशे ग्रॅमच्या आतली. १५०-६०० वर्गातल्या लेन्स दोन किलोच्या आसपास जातात. एवढं वजन घेऊन सड्यावर चढणार असाल तर जरूर घ्या. पण दोन किलोची पिशवी एक दिवस खांद्याला लावून बघा आणि मग ठरवा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० च्या आसपास लागतो, म्हणजे या लेन्स सकाळी ऊन वर आल्यावरच खऱ्या कामाला येतात. आणि दुपारी तापलेल्या पुळणीवरून हवा थरथरायला लागली की लाखभराची लेन्सही धूसरच फोटो देते. त्यावर उपाय एकच, जवळ जाणं किंवा घरी जेवायला जाणं.

काही विषयांना खरेदीची गरजच नसते. कातळशिल्पांचं घ्या. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. लोक म्हणतात वाइड लेन्स घेतो. घ्या, पण माणसाच्या उंचीवरून वाइड लेन्सनं काढलेला हत्ती पुढे फुगतो आणि मागे चेपतो. कॅमेरा मोनोपॉडवर (एकपायी काठीवर) लावून डोक्यावर उंच धरा आणि शटर मोबाइलच्या अॅपवरून दाबा. शिल्पावर पाय पडणार नाही अशी जागा निवडा. वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यावरची, कारण रेषा उथळ आहेत आणि तिरपं ऊन पडल्याशिवाय त्यांच्यात सावली धरत नाही. भर दुपारी तिथे नुसता तांबडा जांभा दिसतो.

वेळास, आंजर्ल्याच्या कासवांच्या पिल्लांसाठीही वेगळं काही लागत नाही. पिल्लं पहाटे किंवा संध्याकाळी सोडतात, फ्लॅश कुठल्याही परिस्थितीत मारायचा नाही आणि दोरीच्या अलीकडे राहायचं. मघाची ५० मिमी घेऊन वाळूत आडवे व्हा.

आता बॉडी

सेन्सरचा आकार हा बॉडीचा खरा फरक. फुल फ्रेम ३६ × २४ मिमी, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान), मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. सेन्सर मोठा तसा अंधारात दाणा कमी, पण लेन्सचं वजन आणि किंमतही मोठी. हौशी माणसानं एपीएस-सी घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. पक्ष्यांना तर तो फायद्याचाच: कॅननवर ४०० मिमीची लेन्स ६४० सारखी दिसते. फुल फ्रेमच्या बॉडीवर सगळे पैसे संपवून पुढे किट लेन्स लावणाऱ्यापेक्षा, साध्या बॉडीवर एफ/१.८ लावणारा दशावतारात जास्त चांगले फोटो काढतो.

मेगापिक्सेलचा बाऊ करू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपक्यांनी ए-३ आकाराचा प्रिंट आरामात निघतो. पडवीत टांगायला त्याहून मोठा कुणाला हवा असतो?

मिररलेस की डीएसएलआर? डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो. नवीन घेणार असाल तर मिररलेस. कॅनन आणि निकॉन दोघांनीही आपलं लक्ष तिकडे वळवलंय. दोन्हींचे नवे माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती खाच), आरएफ आणि झेड, २०१८ मधले. सोनीचा ई माउंट २०१० चा आणि फुजीचा एक्स २०१२ चा, त्यामुळे त्या दोघांच्या जुन्या लेन्स बाजारात भरपूर. नवशिक्याला कॅनन आर५०, निकॉन झेड५० किंवा सोनी ए६४०० यांपैकी कुठलाही पुरतो. यांतला जो हातात नीट बसेल आणि ज्याचा मेन्यू दुकानात पाच मिनिटांत कळेल तो घ्या. बॉडी तीन-चार वर्षांनी बदलते, माउंट मात्र लेन्सपायी जन्मभर गळ्यात राहतो. म्हणून बॉडी ठरवण्याआधी त्या माउंटमध्ये तुमची दुसरी आणि तिसरी लेन्स कुठली असेल, ती मिळते का आणि केवढ्याला, हे कागदावर लिहा. सिग्मा, टॅमरॉनच्या लेन्स सोनीला फार आधीपासून आहेत. कॅननच्या आरएफला त्यांच्या एपीएस-सी लेन्स २०२४ पासून यायला लागल्या.

पैसे बेताचे असतील तर जुना डीएसएलआर आजही उत्तम सौदा आहे. निकॉन डी७२००, डी७५००, कॅनन ८०डी या बॉड्यांना धूळ-पाण्यापासून थोडं संरक्षण आहे आणि बॅटरी दिवसभर पुरते. मिररलेसची बॅटरी ३००-४०० फोटोंत मान टाकते, तेव्हा दुसरी बॅटरी किमतीत धरूनच चाला. निकॉनची एक मेख मात्र माहीत हवी: डी३५००, डी५६०० या वर्गाच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हातानंच करावा लागतो. झेड बॉडीवर जुन्या लेन्स बसवणारा एफटीझेड अॅडॅप्टर लावलात तरी तीच गत. कॅननच्या डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स अॅडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात.

वेदर सीलिंगबद्दल दोन शब्द. बॉडीला सील आणि लेन्सला नाही, तर सील असून नसल्यासारखंच. दोन्हींना असलं तरी तो कॅमेरा जलरोधक होत नाही. तुषार आणि भुरभुर पावसापुरतं ते असतं. दमट हवा तर सीलमधूनही आत जातेच.

जुना माल हातात घेऊन

गणपतीला येणाऱ्या चाकरमानी भावाला सांगून मुंबईहून, फोर्ट-बोरा बाजार भागातून, जुनी लेन्स मागवणारे पुष्कळ. निदान त्याला बघायचं कसं ते शिकवा. समुद्राकाठी वापरलेली वस्तू असेल तर दुप्पट बघा.

लेन्स बॉडीवरून काढा, दोन्ही टोप्या काढा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं लावा आणि पुढून सरळ न बघता थोडं तिरपं बघा. चार-दोन धुळीचे कण प्रत्येक लेन्समध्ये दिसतात, ते फोटोत येत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फुटलेले धागे, कडेकडून आत सरकलेले, ही बुरशी. एक धागा दिसला तरी लेन्स खाली ठेवा. बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. साफ केली तरी डाग राहतो. ‘फक्त धूळ आहे दादा’ हे ऐकू येईलच. आतल्या भिंगावर दुधाळ पापुद्रा असेल तर तोही धोक्याचाच.

मग मागच्या सोनेरी संपर्कबिंदूंकडे बघा. हिरवट झाक म्हणजे खारं वारं लागलंय. माउंटचे स्क्रू, फ्लॅश लावायची पट्टी, ट्रायपॉडचं भोक इथे गंज शोधा. बाहेरून पुसून चकचकीत केलेल्या कॅमेऱ्यात गंज इथे लपतो. झूमची कडी फिरवा आणि कानाशी धरा. करकर आली तर वाळू आहे. बॉडीसाठी एफ/१६ ला, फोकस मुद्दाम हलवून, कोऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळे ठिपके सेन्सरवरची धूळ दाखवतात, ती साफ होते, पण किमतीत तेवढं कमी करून घ्या. शटर किती वेळा चाललं तो आकडा मागा. डी७२०० चं शटर दीड लाखाच्या चाचणीचं आहे. त्याच्या जवळ पोचलेली बॉडी स्वस्त वाटली तरी टाळा.

नवीन घेताना पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी एवढंच बघा. बाहेरून आणलेला माल दोन-चार हजारांनी स्वस्त मिळतो, पण बिघडल्यावर त्याला वाली नसतो, आणि दुरुस्तीसाठी आपल्याला तसंही बहुतेकदा मुंबई, पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागतं.

हवेचा बंदोबस्त

आगोटीच्या सामानात मीठ, मिरची, सुकी मासळी भरतो तसा या डब्याचाही नंबर लावा. भांड्यांच्या दुकानात मिळणारा रबरी कडीचा हवाबंद प्लास्टिक डबा, तळाशी कापडाच्या पुरचुंडीत अर्धा किलो सिलिका जेल, आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६० च्या वर बरेच दिवस राहिला की बुरशीला मोकळं रान. ३० च्या खाली फार गेला तर लेन्समधलं वंगण वाळू शकतं. रंग बदलणारं जेल घ्या. निळं गुलाबी झालं किंवा नारिंगी हिरवं झालं की ओलं झालं. मंद आचेवर, स्वयंपाकाच्या नव्हे अशा जुन्या तव्यावर, मूळ रंग येईपर्यंत परता, पूर्ण गार करा, मग परत आत.

विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट जास्त सोयीचं, यात शंका नाही. पण जूनमध्ये वीज जाते तेव्हा तासांत नाही, दिवसांत जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली भागातल्या कित्येक गावांत बरेच दिवस अंधार होता. त्यामुळे कॅबिनेट असलं तरी डबा आणि जेल घरात असू द्या.

कॅमेऱ्याची बॅग ही फक्त प्रवासासाठी. फोम ओल धरतो आणि चामड्याची खोळ त्याहून जास्त. जुलैत बॅगेत ठेवलेली लेन्स गणपतीला बाहेर काढणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आणि डब्यातही महिनोनमहिने पडू देऊ नका; आठवड्यातून एकदा बाहेर काढा, पावसाची उघडीप असेल तर सड्यावरची फुलं टिपून या. पावसात काढायचाच असेल तर प्लास्टिकची पिशवी लेन्सच्या हूडवर रबरबँडनं बांधा, काम होतं.

किनाऱ्यावरून आल्यावर क्रम पाळा: आधी हवेच्या फुग्यानं वाळू उडवा, मग मऊ ब्रश, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मायक्रोफायबरनं बॉडी आणि लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, लगेच कोरड्यानं. पंचाचं टोक काचेला लावायचं नाही; अडकलेला एक वाळूचा कण पुरतो. पुढच्या काचेसाठी यूव्ही फिल्टरवर एरवी वाद घालता येतो, पण इथे मी तो लावतोच. तुषार फिल्टरवर बसतात, आणि फिल्टर नळाखाली धुता येतो.

वातानुकूलित गाडीतून मालवणच्या किनाऱ्यावर उतरलात की काच लगेच धुरकट होते. कॅमेरा बॅगेत बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. तोवर चहा घ्या.

पैशाची वाटणी आणि वेळ

एकूण रकमेचे दहा भाग करा. चार बॉडीला, पाच लेन्सला, आणि उरलेल्या एकात डबा, जेल, जादा बॅटरी, व्ही३० (वेगाची खूण) लिहिलेलं कार्ड, फुगा आणि पोलरायझर. पोलरायझरवर कंजुषी करू नका. ओल्या पानांवरची आणि खाडीच्या पाण्यावरची चकाकी तो काढतो आणि हे काम नंतर संगणकावर नीट होत नाही. मात्र तो एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड खातो, रात्री काढून ठेवा. फिल्टर तुमच्या सगळ्यात मोठ्या काचेच्या मापाचा घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग लावली की तोच चालतो.

पहिल्या वर्षी १८-१३५ सारखा एक झूम आणि एक ५० मिमी एफ/१.८, एवढंच. पक्ष्यांची लेन्स दुसऱ्या हिवाळ्यात, तोपर्यंत तुम्ही खरंच पहाटे उठता का हेही कळेल. खरेदी शक्यतो दसरा-दिवाळीच्या सुमाराला करा: सवलती असतात, हवा सुकायला लागलेली असते, आणि पुढचे सात-आठ महिने दशावतार, जत्रा, कुरव, शिमगा आणि कासवं ओळीनं समोर येतात. वस्तू हातात आली की त्याच आठवड्यात भिंतीचा फोटो, टॉर्चची तपासणी आणि एक रात्रीचा कार्यक्रम उरकून घ्या, कारण बदलून द्यायची दुकानदाराची मुदत सहसा तेवढीच असते.